गाठीच्या साच्यातलं गांडूळ

महाशिवरात्रीचा दुसरा दिवस. सकाळपासून साचे काढते आहे. माळ्यावरचं पोतं खाली घेतलं, एकेक जोडी सुटी केली, खाचांतली वर्षभराची धूळ दात घासायच्या जुन्या ब्रशनं काढली आणि सगळे साचे मोठ्या बादलीत भिजत घातले. होळीच्या गाठ्या करायच्या तर ही तयारी आत्ताच लागते. गाठी म्हणजे साखरेची माळ, होळीला आणि पाडव्याला लेकरांच्या गळ्यात पडते ती. साचा लाकडाचा, दोन फळ्यांचा. मध्ये दोरा ठेवायचा, दोन्ही फळ्या आवळून बांधायच्या आणि वरच्या तोंडातून साखरेचा गरम पाक सोडायचा. साचा आधी पाण्यानं चांगला फुगलेला असला पाहिजे, नाहीतर साखर लाकडाला धरून बसते. आणि लाकूड तरंगतं, म्हणून बादलीत साच्यांवर वजन ठेवावं लागतं.

या साच्यांत एक जोडी आहे तिची पुढची नक्षी झिजून गेलेली आहे. ती उलटी केली की पाठीवर एक गांडूळ दिसतं. वीतभर नाही, बोटाएवढंच, वळ्यावळ्यांचं, शेपटीला वाकलेलं. माझ्याकडे हंगामात कामाला येणाऱ्या वनिताताई दरवर्षी विचारतात, "ताई, हा साप कायले कोरला?" दरवर्षी मी "सांगते" म्हणते, आणि तेवढ्यात पाकाला तार येते आणि सांगणं राहून जातं. म्हणून एकदाचं लिहून टाकते.

मी वाढले मोताळ्यात. घराच्या पुढच्या खोलीत दुकान, मधल्या खोलीत साखरेची पोती, मागे चूल, त्यामागे अंगण. बाबा वर्षभर बत्तासे, रेवड्या, शेव विकायचे, पण घराचं खरं उत्पन्न गाठ्यांचं, आणि गाठ्यांची खरी मालकीण माय. पाकात दुधाचा शिपका मारून वर आलेली मळी काढणं, पाक बोटांवर पाहणं, ओतणं, सगळं तिच्या हातचं. ओतताना ती बोलत नसे आणि दुसऱ्याला बोलू देत नसे. घरात त्या दिवसांत जो आवाज असायचा तो असा: पाकाचा बुडबुड, फळ्या सोडताना होणारा टक्क आवाज, आणि माळा परातीत पडल्या की होणारा बारीक खुळखुळ. अजूनही तो खुळखुळ ऐकला की मला भूक लागते. गोडाची नव्हे. गाठ्यांच्या दिवसांत मायला स्वयंपाकाला वेळ नसे, म्हणून आम्ही सकाळ-संध्याकाळ भाकरी, ठेचा आणि कच्चा कांदा खायचो. तीच भूक.

मायची शिस्त कडक होती. चपला अंगणात. केस बांधलेले. साच्यांच्या बादलीवर जात्याची फुटकी तळी ठेवायची, मायचा वरवंटा नाही. वरवंटा मसाल्याचा, तो दुसऱ्या कशाला वापरलेला तिला चालत नसे. आणि मासळी घरात शिजणार नाही. ती स्वतः खायची, आवडीनं खायची, पण रस्सा अंगणातल्या वेगळ्या चुलीवर, वेगळ्या भांड्यात.

आता मासळीचा विषय आला म्हणजे बाबा आले. बाबांना धरणावर गळ टाकून बसायचं वेड होतं. बाजाराच्या दुसऱ्या दिवशी दुकान बंद, की सकाळीच सायकल काढायचे. सोबतीला रहीमचाचा, चौकातल्या सायकल दुरुस्तीच्या दुकानाचे मालक, बाबांचे शाळेपासूनचे दोस्त. आणि मागच्या कॅरियरवर मी. मी का जायचे याला मोठं कारण नाही. धरणावर मला कोणी काम सांगत नसे. दहावीची परीक्षा दिलेल्या, घरात थोरल्या असलेल्या मुलीला एवढं कारण पुरतं. बांबूची काठी, तंगूस म्हणजे नायलॉनचा पारदर्शक धागा, त्याला गळ आणि गळाला गांडूळ. आमचा डोळा मरळीवर असायचा. अंगानं सापासारखी, डोक्यानं चपटी, काट्याला कमी आणि चवीला पहिली.

गांडुळं बाबा एका डब्यात ओल्या मातीत ठेवायचे. त्या वर्षी ऊन लवकर तापलं. बाबांनी घरातली सगळ्यात थंड जागा शोधली आणि डबा तिथं ठेवला. ती जागा म्हणजे साच्यांच्या बादलीची मागची बाजू.

पाडव्याच्या आदल्या दिवशी, दुकानात गिऱ्हाईक उभं असताना, मायनं बादलीतून साचा उचलला आणि त्यावर एक गांडूळ आरामात चाललेलं होतं. माय ओरडली नाही. ती ओरडली असती तर बरं झालं असतं.

"सुने," ती मला म्हणाली, "तुह्या बापाले बोलाव."

बाबा आले. पाहिलं. म्हणाले, "अवं, थंड जागा पाहून ठेवला होता डबा."

"थंड जागा पायजे तं फ्रीज घ्या किड्यायसाठी. लोकायच्या लेकरायच्या गळ्यात पडते हे गाठी, अन तुमचं गांडूळ त्याच्यावर फिरून राह्यलं!"

सगळे साचे उकळत्या पाण्यातून काढले, पुन्हा भिजवले, त्या रात्री कोणी झोपलं नाही. पाडवा पार पडला. पाडव्याच्या संध्याकाळी, हिशेबाआधी, चहाआधी, मायनं निकाल दिला. "आजपासून जिता किडा या घरात येनार नाही. कनकेच्या गोळ्या बी नाही, मी पान्यात फेकाले गहू दळून आनत नाही. अन हे पोरगी बी आता धरनावर जानार नाही. मोठी झाली ते. काठी धरून बापासंगं बसते, लोकं काय म्हनतीन?"

"मंग मासा कायनं धरू?" बाबांनी विचारलं.

"ते मले काय मालूम. किड्याशिवाय धरून दाखवा. अखजीच्या आत एक मरळ आना, मी तोंड उघडनार नाही, पोरीले बी न्या. नाही आनली तं काठी माळ्यावर."

अखजी म्हणजे अक्षय्य तृतीया. पाडव्यापासून जेमतेम महिना मिळतो. बाबा मान हलवत दुकानात गेले. मी भांडी घासली, आणि इतकी आपटून घासली की मायला दोनदा सांगावं लागलं.

तोडगा रहीमचाचांनी आणला. त्यांचा थोरला दुबईत होता. तो सुटीवर आला तेव्हा बापाचा शौक माहीत असल्यानं एक पाकीट घेऊन आला होता. पाकिटात रबरासारख्या मऊ प्लास्टिकची पाच गांडुळं. जांभळी, आत चमचम, हातात धरली की शेपटी थरथरायची. चाचांनी ती अंगणातल्या खाटेवर मांडली आणि मायला हाक मारली.

"भाभी, ये दुबई का माल है. खाता नहीं, मरता नहीं, भागता नहीं."

मायनं चौकटीतूनच पाहिलं. "मंग तुमच्या दोस्तापरीस बरं हाये," म्हणाली आणि आत गेली. म्हणजे परवानगी होती. मलाही, अखजीपर्यंत.

पहिल्या खेपेलाच आमचं हसं झालं. आम्हाला ते वापरायचं कसं हे कुठं ठाऊक होतं? आम्ही ते खऱ्या गांडुळासारखं गळाला लावलं, पाण्यात सोडलं आणि वाट पाहत बसलो. ते तळाशी गेलं. तळाशी खेकडे. ओढून पाहावं तर शेपटी गायब, नाहीतर अर्धं अंग गायब. दोन खेपांत चार गांडुळं फाटली आणि मरळ एकही नाही. एक तेवढं धड राहिलं, कारण चाचांनी ते खिशातून काढलंच नव्हतं.

"हे फाटलेले वितळून पुन्हा बनवता येतीन का?" मी विचारलं.

बाबा म्हणाले, "बनवता येतीन. पन साचा?"

आमच्या घरात बसून साचा कुठून आणायचा हा प्रश्न बाबांना पडला, यावर मी आजही त्यांना चिडवते. मी झिजलेली जोडी आणली आणि पाठीकडून उलटी केली. साचे कोरणारा कारागीर दुसऱ्या गावचा, दोन-तीन वर्षांनी यायचा. मी त्याच्याजवळ बसून पाहिलेलं होतं, हातात हत्यार कधी घेतलं नव्हतं. चाचांनी सायकलची आरी, म्हणजे चाकातली तार, ठोकून चपटी केली आणि दगडावर धार लावून दिली. धड गांडुळाला मी कुंकू लावलं, एका फळीवर दाबलं, त्याच्यावर दुसरी फळी दाबली. दोन्हीकडे लाल छाप उठला, समोरासमोर. मग कोरत बसले. सागवान जुनं असलं की आरी घसरते. डाव्या हाताच्या अंगठ्याला दोन ठिकाणी लागलं. पण वळे एकेक करून उतरायला लागले आणि मला जेवायची आठवण राहिली नाही. शाळेतलं एकही गणित सोडवताना मला असं झालेलं नव्हतं.

ओतायचा दिवस उजाडला. अंगणातल्या मासळीच्या चुलीवर चाचांनी वनस्पती तुपाच्या जुन्या डब्यात फाटके तुकडे घातले. त्याचा वास गल्लीच्या तोंडापर्यंत गेला. तो धूर अंगाला चांगला नसतो हे आता कळतं. आज माझ्या अंगणात कोणी असलं काही मांडलं तर मी डब्यासकट बाहेर काढीन. तेव्हा आम्ही तिघंही त्यावर वाकून उभे होतो.

"साचा भिजवला ना रातीच?" बाबांनी विचारलं.

"हाव," मी म्हणाले. आमच्या घरात हा प्रश्न विचारायचा नसतोच. दोरा ठेवला, फळ्या आवळल्या, डबा कलता केला.

चर्र आवाज झाला आणि साच्याच्या तोंडातून गरम थेंब उडाला तो थेट बाबांच्या टोपीवर. चाचा पन्नाशीचे, पण एका उडीत खाटेवर. भिजलेल्या लाकडात उकळतं प्लास्टिक, आतल्या पाण्याची वाफ होणार नाही तर काय होणार? पण साच्याला पाणी लावतात ही गोष्ट आमच्या अंगात इतकी मुरलेली होती की तिघांपैकी एकाच्याही डोक्यात हे आलं नाही. निवल्यावर फळ्या सोडल्या. गांडूळ निघालं, पण अंगभर बुडबुडे, अनारशासारखी जाळी. आणि दोन्ही टोकांतून दोरा बाहेर.

बाबांनी ते उचलून पाहिलं. "दोरा कायले टाकला वं?"

मी दोऱ्याकडे पाहिलं. "सवयीनं."

दारातून मायचं हसू आलं. ती क्वचित हसायची, पण हसली की बसून हसायची. त्या दिवशी तिनं उंबऱ्यावर बसून पदरानं डोळे पुसले. मग आली, माझ्या हातून ते जाळीचं गांडूळ घेतलं आणि स्वयंपाकघराच्या दाराच्या खिळ्याला त्याच्याच दोऱ्यानं अडकवलं. शेजारणींना हाक मारली. "या वं बायायनो, पाहा. औंदाची शेवटची गाठी." आल्या, पाहिलं, हसल्या. पुढचे कितीतरी दिवस जो येईल तो आधी खिळ्याकडे पाही आणि मग माझ्याकडे.

दुसऱ्यांदा साचा उन्हात कडक वाळवला. आता प्लास्टिक लाकडाच्या रेषांत शिरून बसलं. मी सुईनं उकरते आहे, बाबा मागून ठोकताहेत. तिसऱ्यांदा तेच. आत माय धिरडी घालत होती. ठोकण्याचा आवाज तिला बराच वेळ ऐकू येत होता. शेवटी ती हातात उलथणं घेऊनच बाहेर आली.

"ठोकू नका. साचा फुटन."

"मंग काय करू?" बाबा म्हणाले. "ओला केला तं उडते, वाळवला तं चिकटते."

"साकर हाये का ते, पानी लावाले? अन कोरडा तरी काऊन? तव्यावर धिरडं टाकाच्या आधी आपन काय करतो, सुने?"

मी काही बोलायच्या आत ती गेली, अर्धा कांदा सरकीच्या तेलात बुडवून आणला आणि दोन्ही फळ्यांवर फिरवला. दाबून नव्हे, नुसता फिरवला. "आता ओता."

ओतलं. निवलं. फळ्या सुटल्या आणि गांडूळ आपणहून माझ्या तळहातावर पडलं. सगळे वळे उमटलेले. चाचांनी ते उन्हात धरलं आणि शेपटी थरथरली.

"भाभी, आप तो हमारी पार्टी में आ गईं!"

"मी कोनाच्या पार्टीत नाही," माय म्हणाली. "साच्यातून वाकडं निघालेलं मले पाहावत नाही. तुमी हारा की जिता, सरळ वस्तू घेऊन हारा." आणि धिरडं करपायच्या आत परत गेली.

अखजीच्या आधीची शेवटची खेप. निघताना मी दाराच्या खिळ्यावरचं ते जाळीचं गांडूळ काढलं आणि ओढणीच्या टोकाला बांधलं. त्यात शहाणपण काही नव्हतं. आम्ही गेल्यावर शेजारणींनी परत येऊन हसू नये, एवढंच.

धरणाचं पाणी मागे हटलेलं होतं. काठाला बेशरमाची झुडपं, पुढे पाण्यात बुडालेल्या बाभळींचे खुंट, त्यांच्यामध्ये शेवाळ. आम्ही सरळ, सुंदर, कांद्या-तेलातून निघालेली गांडुळं एकेक करून सोडली, आणि ती एकेक करून सरळ, सुंदर तळाशी गेली. खेकड्यांना ती दुबईच्या मालापेक्षा जास्त आवडली असावीत. ऊन डोक्यावर आलं तेव्हा डब्यात काही उरलं नव्हतं. बाबांनी बिडी पेटवली. चाचांनी सायकलीची हवा पाहिली, जी ठीकच होती. बाबा म्हणाले, "चाल माय, गुंडाळ." मला ते माय म्हणत तेव्हा त्यांना वाईट वाटत असे.

मी काठी गुंडाळायला घेतली. मग ओढणीचं टोक सोडलं, जाळीच्या गांडुळाचा दोरा गळाला गाठ मारून बांधला आणि टाकलं. ते बुडालंच नाही. अंगात हवा भरलेली, बुडणार कसं? शेवाळावर पडून राहिलं.

"ते तरंगून राह्यलं," बाबा म्हणाले. "काहाड ते."

मी काढायला लागले. तंगूस हातानं हळूहळू ओढत होते, आणि गांडूळ शेवाळावरून सरपटत, शेपटी हलवत माझ्याकडे येत होतं. बेशरमाच्या सावलीजवळ आलं आणि पाणी फुटलं. दुसरा शब्द मला सुचत नाही. आधी आवाज, मग काठी हातातून निघाली की काय असं झालं. तंगूस तळव्यात रुतला. मी ओरडले की नाही ते आठवत नाही, चाचा म्हणतात की सातपुड्यापर्यंत गेलं असेल. बाबा पायजम्यासकट मांडीएवढ्या पाण्यात. चाचा गोणपाट घेऊन त्यांच्या मागे. "सोडू नको! ढील दे! अबे ढील मत दे!" दोघांचे हुकूम एकमेकांविरुद्ध, म्हणून मी एकाचाही ऐकला नाही. मागे सरकत सरकत बांधावर चढले आणि मरळ माझ्यामागे ओढत आणली. बाबांनी तिच्यावर गोणपाट टाकलं आणि स्वतःही तिच्यावर पडले.

हाताच्या कोपरापर्यंत लांब होती. जबड्यात ते गांडूळ, चावून चिंध्या झालेलं, पण दोरा धड. बाबांनी श्वास घेतला आणि पहिलं वाक्य बोलले ते हे: "दोरा होता म्हनून राह्यलं."

घरी आलो तेव्हा माय अंगण झाडत होती. गोणपाट उघडलं. तिनं मरळ पाहिली, मग दाराचा खिळा पाहिला. रिकामा.

"कायनं धरली?"

मी चिंध्या झालेलं गांडूळ तिच्यापुढे धरलं. तिनं ते दोन बोटांत घेऊन फिरवून फिरवून पाहिलं.

"हे तं माह्यं हाये," ती म्हणाली.

"हाव," बाबा म्हणाले. "तुहीच गाठी."

वाटलं आता काहीतरी बोलेल. माय शब्दाची पक्की होती, तोंड उघडणार नाही म्हणाली होती आणि तिनं ते उघडलं नाही. माझा हात ओढून तळवा पाहिला, आत गेली, हळद आणि खोबरेल आणलं आणि चोळलं. जरा जोरातच चोळलं. संध्याकाळी अंगणातल्या चुलीवर रस्सा झाला. बाबा ढवळत होते, माय तीन हात लांब उभी राहून मीठ सांगत होती. रहीमचाचांच्या घरी भरलेला डबा गेला. गरम ज्वारीची भाकरी, रश्शावर लाल तर्री, आणि जेवताना सगळे एकदम बोलत होते, फक्त काय काय झालं तेच, पुन्हा पुन्हा. मायनं दोनदा रस्सा वाढून घेतला. मी मोजलं नाही, बाबांनी मोजलं, आणि पुढे कित्येक वर्षं ते ऐकवलं.

आता बाबांचे गुडघे गेले. ते गळ टाकत नाहीत, काठावर खुर्ची मांडून दुसऱ्यांना कुठं टाकायचा ते सांगतात. मी लग्नानंतर जळगाव जामोदला आले, साचे मायनं माझ्यासोबत पाठवले आणि साच्यांसोबत उपदेश. मी पुढे स्वतःचे साचे स्वतः कोरायला लागले, आता इथल्या दोन-तीन घरांचेही कोरून देते. त्याला सुरुवात ही अशी.

मरळीचा रस्सा झाला त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी मी सगळ्यांच्या आधी उठले. तुपाच्या डब्याच्या तळाशी थोडं प्लास्टिक उरलं होतं, आणि आता मला बुडबुडे हवे होते, म्हणून साचा भिजत घालायला अंगणात गेले. बादलीत साचा आधीच होता. रात्रभराचा फुगलेला, आणि तरंगून वर येऊ नये म्हणून त्याच्यावर मायचा मसाल्याचा वरवंटा. बादलीच्या काठावर गाठ्यांच्या दोऱ्याचं रीळ ठेवलेलं. मी वरवंटा काढला, धुऊन पाट्यावर जागच्या जागी ठेवला, साचा फडक्यानं टिपला, दोरा घातला आणि चूल पेटवली.